प्रेक्षकाला केवळ आवड विचारून भागणार नाही

अमेरिकेत दर वर्षी फेब्रुवारीत तिथल्या राष्ट्रीय फुटबॉल लीगचा अंतिम सामना, म्हणजे सुपर बोल, खेळला जातो आणि दुसऱ्या दिवशी सामन्याच्या निकालाइतकीच चर्चा त्यात दाखवलेल्या जाहिरातींची होते. कोणती जाहिरात सर्वांत सरस होती, कोणती फसली, कोणत्या कंपनीचे पैसे पाण्यात गेले, याच्या याद्या वर्तमानपत्रे छापतात. ‘यूएसए टुडे’ या दैनिकाने तर १९८९ साली ‘ॲड मीटर’ नावाची पाहणीच सुरू केली. सुरुवातीला निवडक प्रेक्षकांना एकत्र बसवून त्यांच्या हाती एक छोटे यंत्र दिले जाई आणि जाहिरात चालू असताना ती किती आवडते आहे, हे ते त्यावरची कळ फिरवून क्षणाक्षणाला कळवत. पुढे नोंदणी करणाऱ्या कोणालाही घरबसल्या गुण देण्याची सोय झाली. ही पद्धत आता इतकी रुळली आहे की, मोठ्या क्रीडाप्रक्षेपणातील जाहिरातींविषयी प्रेक्षकांचे मत म्हणजे त्यांनी दिलेले हे गुण, असेच आपण धरून चालतो.

माझा आक्षेप नेमका या गृहीतकाला आहे. जाहिरात आवडली का, हा प्रश्न विचारण्यात काही गैर नाही. पण तो एकच प्रश्न विचारला की बाकीचे प्रश्न आपोआप झाकले जातात. या सामन्यात जाहिरातींना किती वेळ द्यावा, त्या खेळाच्या कोणत्या क्षणी याव्यात, कोणत्या वस्तूची जाहिरात इथे मुळीच असू नये, या गोष्टींवरही प्रेक्षकाचे मत असते आणि ते पुष्कळदा अधिक विचारी असते. ते मत विचारण्याची, नोंदवण्याची आणि त्यावर उत्तर देण्याची कोणतीही नियमित व्यवस्था जवळपास कुठेच नाही. प्रेक्षकाला परीक्षक केल्याचा देखावा होतो, पण त्याच्यासमोर ठेवलेला विषय असतो फक्त करमणुकीचा.

खेळ आणि दूरचित्रवाणीवरील जाहिरात यांचे नाते या माध्यमाइतकेच जुने आहे. १ जुलै १९४१ रोजी न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएनबीटी या केंद्रावरून ब्रुकलिन डॉजर्स आणि फिलाडेल्फिया फिलीज यांच्यातील बेसबॉल सामना सुरू होण्यापूर्वी बुलोव्हा या घड्याळाच्या कंपनीची काही सेकंदांची जाहिरात दाखवली गेली. अमेरिकेतील दूरचित्रवाणीवरची ती पहिली अधिकृत व्यावसायिक जाहिरात मानली जाते आणि तिचा खर्च सुमारे नऊ डॉलर सांगितला जातो. १९६७ साली पहिला सुपर बोल झाला, तेव्हा अर्ध्या मिनिटाच्या जाहिरातीला चाळीस हजार डॉलरच्या आसपास पडत. २०२५ साली तेवढ्याच वेळासाठी काही कंपन्यांनी ऐंशी लाख डॉलरपर्यंत रक्कम मोजली आणि प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या नील्सन कंपनीच्या मोजणीनुसार तो सामना सरासरी १२ कोटी ७७ लाख लोकांनी पाहिला. इतकी माणसे एकाच वेळी एकाच पडद्यासमोर बसण्याचे प्रसंग आता फार उरलेले नाहीत. मालिका आणि चित्रपट ज्याला जेव्हा हवे तेव्हा पाहता येतात. सामना मात्र घडत असतानाच पाहावा लागतो, कारण निकाल कळल्यावर त्यातली जान जाते. जाहिरातदार ही किंमत मोजतो ती याच सक्तीपायी. प्रेक्षक उठून जाऊ शकत नाही, जाहिरात भराभर पुढे सरकवून टाळू शकत नाही आणि मनाने तो अत्यंत सावध, अत्यंत हळवा असतो. प्रेक्षकाच्या मताचा विचार करताना त्याची ही अवस्था विसरून चालणार नाही.

आवडीनिवडीच्या कसोटीलाही तिचे मोल आहे. ॲपल कंपनीने २२ जानेवारी १९८४ रोजी सुपर बोलमध्ये मॅकिन्टॉश संगणकाची जाहिरात दाखवली. रिडली स्कॉट यांनी दिग्दर्शित केलेली ही जाहिरात कंपनीच्या संचालक मंडळाला आवडली नव्हती. पण प्रेक्षक तिने थक्क झाले आणि वृत्तवाहिन्यांनी ती बातमी म्हणून पुन्हा पुन्हा दाखवली. विशेष म्हणजे तिच्यात संगणक दिसतच नाही. या सामन्यातील जाहिरात म्हणजे एक छोटा चित्रपट असायला हवा, ही अपेक्षा तिथून पक्की झाली. पुढच्याच वर्षी त्याच कंपनीने त्याच सामन्यात डोळ्यांवर पट्टी बांधलेले नोकरदार एकामागोमाग एक कड्यावरून खाली पडताना दाखवले. ज्यांना संगणक विकायचा त्यांनाच ही जाहिरात मूर्ख ठरवते आहे, हे प्रेक्षकांनी ताबडतोब ओळखले आणि ती नाकारली. तंत्र तितकेच भव्य होते, कंपनी तीच होती, तरी निवाडा उलट लागला. भपक्याला भुलून गुण देणारा प्रेक्षक असे वागत नाही. त्याला आपला मान राखला गेला की नाही हे कळते आणि तो ते बोलूनही दाखवतो.

तरीही आवड म्हणजे संमती नव्हे, आणि या दोहोंची गल्लत किती महागात पडू शकते, याची उदाहरणे याच सामन्याने दिली आहेत. २००० सालच्या सुपर बोलमध्ये इंटरनेटवर व्यवसाय करणाऱ्या नव्या कंपन्यांची रांग लागली होती. त्यांपैकी पाळीव प्राण्यांचे सामान विकणाऱ्या पेट्स डॉट कॉम या कंपनीचे मोज्यापासून बनवलेले कुत्र्याचे बाहुले लोकांना फार आवडले, घराघरांत ओळखीचे झाले. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कंपनीने व्यवसाय बंद करत असल्याचे जाहीर केले. तिथे नुकसान मुख्यतः भागधारकांचे झाले. २०२२ साली जे घडले ते अधिक गंभीर होते. त्या वर्षी आभासी चलनाच्या अनेक कंपन्या सुपर बोलमध्ये उतरल्या. त्यांपैकी एफटीएक्सच्या जाहिरातीत विनोदी अभिनेते लॅरी डेव्हिड चाकापासून पुढे इतिहासातला प्रत्येक मोठा शोध हसण्यावारी नेतात आणि शेवटी एफटीएक्सलाही नकार देतात. तुम्ही मात्र अशी चूक करू नका, असे प्रेक्षकाला सुचवले जाते. जाहिरात खरोखर चांगली लिहिलेली होती, लोक हसले, तिचे कौतुक झाले. नोव्हेंबर २०२२ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, असंख्य ग्राहकांचे पैसे अडकले आणि संस्थापकाला पुढे फसवणुकीच्या गुन्ह्यांत दोषी ठरवून २०२४ साली पंचवीस वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली.

या जाहिरातीला दाद देणाऱ्यांना मी दोष देणार नाही. त्यांना विनोद कसा वाटला एवढेच विचारले गेले होते आणि त्यांनी त्याचे प्रामाणिक उत्तर दिले. ज्या गुंतवणुकीतील जोखीम सामान्य माणसाला समजण्याची शक्यता नाही, ती ऐन सामन्यात, हसता हसता, ‘मागे राहाल’ अशी भीती घालून विकावी का, असा प्रश्न त्याच लोकांपुढे ठेवला असता तर उत्तरे वेगळी आली असती असे मला ठामपणे वाटते. तसे वाटण्याचे कारण असे की, जेव्हा जेव्हा प्रेक्षकांनी न विचारता आपले मत मांडले आहे, तेव्हा ते करमणुकीच्या पलीकडचे असल्याचे दिसून आले आहे.

२०१५ च्या सुपर बोलमध्ये नेशनवाइड या विमा कंपनीने एका लहान मुलाच्या तोंडून त्याचे न जगलेले आयुष्य सांगितले. सायकल शिकणे, प्रवास, लग्न यांपैकी काहीच वाट्याला आले नाही, कारण आपण अपघातात मरण पावलो, असे तो शेवटी म्हणतो. घरांतील टाळता येण्याजोग्या अपघातांकडे लक्ष वेधणे हा हेतू होता, असे कंपनीने रातोरात निवेदन काढून सांगितले. हेतू खोटा नव्हता, आकडेही खोटे नव्हते. लोकांचा राग वेगळ्याच गोष्टीवर होता. ज्यांनी मूल गमावले आहे अशी माणसेही त्या रात्री मित्रमंडळींत बसून सामना पाहत होती आणि त्यांना कोणतीही पूर्वसूचना न देता त्या दुःखासमोर उभे करण्यात आले, तेही एका विमा कंपनीच्या नावाखाली. हा आक्षेप स्थळकाळाच्या औचित्याचा होता आणि तो अगदी रास्त होता.

त्याहून बोलके उदाहरण २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकचे आहे. गूगलने आपल्या जेमिनी या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाची जाहिरात अमेरिकेतील प्रक्षेपणात दाखवली. तिच्यातील एका छोट्या मुलीला अडथळ्यांच्या शर्यतीतील विश्वविक्रमवीर सिडनी मॅकलॉफ्लिन-लेव्हरोन हिला पत्र लिहायचे असते आणि मुलीचे वडील ते पत्र जेमिनीकडून लिहून घ्यायला निघतात. प्रेक्षकांनी विचारले की, आवडत्या खेळाडूला पत्र लिहिताना मुलीचे शब्द अडखळले, वाक्ये चुकली, तर बिघडले काय? त्या पत्राची सगळी किंमत ते तिने स्वतः लिहिण्यात आहे. पालकाचे काम तिला लिहिते करण्याचे आहे. टीका इतकी वाढली की गूगलने ती जाहिरात ऑलिंपिकच्या प्रक्षेपणातून काढून घेतली. काढताना कंपनीने जे सांगितले ते माझ्या मुद्द्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे: प्रसारणापूर्वी घेतलेल्या चाचणीत या जाहिरातीला चांगला प्रतिसाद मिळाला होता. मला हे अगदी संभवनीय वाटते. जाहिरात चांगली चित्रित केलेली होती, तिच्यात गोड मुलगी होती, प्रेमळ वडील होते. ‘कशी वाटली?’ या प्रश्नाला ‘छान’ हेच उत्तर येणार. हजारो घरांत जेव्हा आईवडील आणि मुले ती एकत्र पाहू लागली, तेव्हा दुसराच प्रश्न उभा राहिला: हे बरोबर आहे का? चाचणी घेणाऱ्यांना तो सुचला नाही, पाहणाऱ्यांना सुचला.

इथे एक धोका मान्य करायला हवा. प्रेक्षकांचा प्रत्येक संताप न्याय्य असतो असे नाही. २०१३ साली चिरिओज या न्याहारीच्या पदार्थाच्या जाहिरातीत गोरी आई, कृष्णवर्णीय वडील आणि त्यांची मुलगी दाखवली, तेव्हा तिच्यावर इतक्या वर्णद्वेषी प्रतिक्रिया आल्या की यूट्यूबवरील प्रतिक्रियांची सोय बंद करावी लागली. कंपनीने माघार घेतली नाही; उलट २०१४ च्या सुपर बोलमध्ये त्याच कुटुंबाची नवी जाहिरात दाखवली. त्याच सामन्यात कोका-कोलाने एक देशभक्तिपर गीत अनेक भाषांतून गाऊन घेतले आणि इंग्रजीखेरीज अन्य भाषा ऐकवल्या म्हणून बरेच लोक खवळले. अशा वेळी प्रेक्षकांचे मत शिरोधार्य मानणे म्हणजे गर्दीच्या द्वेषाला शरण जाणे होय. म्हणून मी मतांची नुसती मोजणी मागत नाही. कोणी काय दिसावे, कोणत्या घरातील माणसांनी पडद्यावर यावे, याविषयीची नापसंती ही ज्याची त्याची आवड झाली आणि तिच्यापुढे कोणी मान तुकवू नये. मात्र माझा वेळ किती घेतला, माझ्या मुलांना काय विकले, मी पाहत असलेल्या खेळात कुठे व्यत्यय आणला, या गोष्टी प्रेक्षकाच्या स्वतःच्या वाट्याला येणाऱ्या आहेत. त्यांवरचे त्याचे मत ही तक्रार आहे, आणि तक्रारीला उत्तर मिळायला हवे.

वेळेच्या बाबतीत तर ही तक्रार सर्वांत साधी आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. अमेरिकन फुटबॉलच्या सामन्याचे प्रक्षेपण तीन तासांहून अधिक चालते. २०१० साली ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने काही सामन्यांची प्रक्षेपणे घड्याळ लावून मोजली, तेव्हा चेंडू प्रत्यक्ष खेळात असल्याचा काळ सुमारे अकरा मिनिटे आणि जाहिरातींचा काळ सुमारे एक तास भरला. त्या खेळाच्या स्वरूपातच थांबणे पुष्कळ आहे हे खरे. तरीही गुण मिळाला की जाहिराती, मग चेंडू लाथेने पलीकडे धाडला की लगेच पुन्हा जाहिराती, हा क्रम खेळाच्या गरजेतून आलेला नव्हता. प्रेक्षक वर्षानुवर्षे त्यावर चिडत होते. अखेर मार्च २०१७ मध्ये लीगचे आयुक्त रॉजर गुडेल यांनी चाहत्यांना जाहीर पत्र लिहून हा प्रकार आपल्यालाही त्रासदायक वाटतो हे मान्य केले आणि प्रत्येक चतुर्थांशातील जाहिरातींचे खंड पाचावरून चारावर आणले. प्रत्येक खंड लांबला, त्यामुळे एकूण जाहिराती फारशा कमी झाल्या नाहीत. पण खेळाची लय काही अंशी परत आली. हा बदल कुठल्याही गुणतालिकेतून निघाला नाही. त्या आधीच्या हंगामात प्रेक्षकसंख्या घसरली होती आणि लीगला प्रेक्षकांचे म्हणणे ऐकून घेणे भाग पडले होते. माणसे सोडून जाऊ लागल्यावरच त्यांचे ऐकायचे, हा शहाणपणाचा मार्ग नव्हे.

जाहिरातीने खेळच गिळून टाकल्याची उदाहरणेही आहेत. ४ फेब्रुवारी २००९ रोजी एव्हर्टन आणि लिव्हरपूल यांच्यातील एफए चषकाचा फुटबॉल सामना जादा वेळेच्या शेवटच्या मिनिटांत होता. ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीवर अचानक जाहिरात लागली आणि डॅन गॉसलिंगने केलेला विजयी गोल लाखो लोकांना दिसलाच नाही. पुढच्या वर्षी विश्वचषकात इंग्लंड-अमेरिका सामन्याच्या चौथ्याच मिनिटाला स्टीव्हन जेरार्डने गोल केला, तेव्हा त्याच वाहिनीच्या एचडी प्रेक्षकांसमोर जाहिरात चालू होती. दोन्ही चुका तांत्रिक होत्या आणि वाहिनीने दोन्ही वेळा माफी मागितली. पण याच देशात प्रेक्षकांचे मत काय आहे हे कळण्याची एक दुर्मीळ संधीही मिळते. फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना तिथे बीबीसीवर जाहिरातींविना आणि आयटीव्हीवर जाहिरातींसह, असा एकाच वेळी दाखवला जातो. सामना तोच, वेळ तीच, दोन्ही वाहिन्यांसाठी वेगळे पैसे नाहीत. तरी बीबीसीकडे वळणारी माणसे कित्येक पटींनी अधिक असतात. समालोचक, सवय, परंपरा ही कारणे त्यात असतीलच. तरीही प्रेक्षकाला खरी निवड दिली की तो काय करतो, हे पाहायला यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही. आवडत्या जाहिरातींच्या याद्या करणाऱ्यांनी या आकड्यांकडेही पाहावे.

क्रिकेटची अडचण निराळी आहे. षटक संपले की काही सेकंदांची जागा आपसूक मिळते, गडी बाद झाला की थोडी अधिक मिळते आणि त्यामुळे या खेळाचे प्रक्षेपण जाहिरातदाराला जणू मापून दिल्यासारखे वाटते. मात्र त्याच मोकळ्या क्षणांत क्षेत्ररचना बदलते, गोलंदाज कर्णधाराशी बोलतो, नवा फलंदाज खेळपट्टीकडे येतो. जाणकाराच्या दृष्टीने खेळ तेव्हाही चालूच असतो. तेवढ्यावरही न थांबता चित्र लहान करून त्याच्या कडेला किंवा तळाला जाहिरात चिकटवण्याची पद्धत रूढ झाली. भारतात केबल दूरचित्रवाणी जाळे नियम, १९९४ मध्ये स्पष्ट तरतूद आहे की, जाहिरात कार्यक्रमापासून वेगळी ओळखू यावी आणि पडद्याच्या खालच्या भागात स्थिर किंवा सरकता मजकूर दाखवून तिने कार्यक्रमात व्यत्यय आणू नये. तासाभरात बारा मिनिटांहून अधिक जाहिराती असू नयेत, हेही त्याच नियमांत आहे. नियम इतका नेमका असताना सामन्याच्या चित्रावर जाहिराती सर्रास दिसतात, तेव्हा उणीव नियमाची नसते. तो मोडल्याची नोंद करणारा आणि त्यावर उत्तर मागणारा कोणी नसतो, आणि ही जागा भरून काढू शकणारा एकमेव माणूस म्हणजे सामना पाहणारा प्रेक्षक होय.

आता कोणती वस्तू, या प्रश्नाकडे येतो, कारण तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सामना हा लहान मुले मोठ्यांच्या शेजारी बसून पाहतात अशा मोजक्या कार्यक्रमांपैकी एक आहे. खेळाडूविषयीचे प्रेम आणि संघाविषयीची निष्ठा याच वयात जडते, आणि त्या प्रेमाच्या शेजारी जे काही उभे केले जाईल ते त्याचाच भाग वाटू लागते. तंबाखूच्या कंपन्यांना हे फार आधी कळले होते. अमेरिकेत दूरचित्रवाणी आणि आकाशवाणीवरील सिगारेटच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा १९७० साली झाला. ही बंदी लागू करण्याची तारीख ठरवताना मात्र २ जानेवारी १९७१ निवडली गेली, म्हणजे नववर्षाच्या दिवशी होणाऱ्या महाविद्यालयीन फुटबॉलच्या सामन्यांत सिगारेटच्या जाहिराती शेवटच्या एकदा दाखवता याव्यात. माणसे मारणारी वस्तू आहे असे ठरवूनही सामन्यांचा एक दिवस तिला मुद्दाम बहाल करण्यात आला. क्रीडाप्रक्षेपणातील जाहिरातीची ताकद किती, हे ती सवलत मागणाऱ्यांना आणि देणाऱ्यांना पुरेपूर ठाऊक होते.

आज ती जागा अनेक देशांत सट्टेबाजीने घेतली आहे. ती सिगारेटहूनही खेळाला अधिक चिकटलेली आहे, कारण ती सामन्यालाच माल बनवते. पुढचा गोल कोण करणार, पुढच्या चेंडूवर काय होणार, ही प्रेक्षकाची सहज उत्सुकता. तिलाच पैजेत बदलण्याचे आमंत्रण मध्यंतरात दिले जाते, आणि ते स्वीकारायला लागणारे साधन त्याच्या हातातच असते. या बाबतीत लोकांनी आवाज उठवला आणि काही ठिकाणी तो ऐकला गेला. ब्रिटनमध्ये ऑगस्ट २०१९ पासून सट्टेबाजीच्या कंपन्यांनी स्वतःहून बंधन स्वीकारले की, रात्री नऊपूर्वी सुरू होणाऱ्या थेट सामन्यांत, सुरुवातीच्या पाच मिनिटे आधीपासून संपल्यानंतर पाच मिनिटांपर्यंत दूरचित्रवाणीवर त्यांच्या जाहिराती नसतील. घोड्यांच्या आणि कुत्र्यांच्या शर्यती त्यातून वगळल्या. इटलीने २०१८ च्या कायद्याने जुगाराच्या जाहिरातींवर जवळपास सरसकट बंदी घातली. ऑस्ट्रेलियात २०१८ पासून रात्री साडेआठपूर्वीच्या थेट सामन्यांत अशा जाहिरातींना मनाई आहे, आणि जून २०२३ मध्ये तिथल्या संसदीय समितीने, पीटा मर्फी यांच्या अध्यक्षतेखाली, ऑनलाइन जुगाराच्या सर्वच जाहिराती तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करण्याची शिफारस केली. या शिफारशीमागे ज्यांच्या घरात जुगाराने नुकसान झाले त्यांची निवेदने होती, आणि मुलांना सामन्याबद्दल बोलताना सट्ट्यातल्या भावांची भाषा सुचू लागल्याची पालकांची चिंता होती.

ब्रिटनचा अनुभव आणखी एक धडा देतो. दूरचित्रवाणीवरचा जाहिरातीचा खंड स्वच्छ झाला, पण मैदानाच्या कडेचे फलक आणि खेळाडूंच्या छातीवरची नावे तशीच राहिली. प्रीमियर लीग या इंग्लंडच्या फुटबॉल स्पर्धेतील संघांनी सदऱ्याच्या दर्शनी भागावरून सट्टेबाजीच्या कंपन्यांची नावे काढण्याचे एप्रिल २०२३ मध्ये मान्य केले, तेही २०२५-२६ च्या हंगामाच्या अखेरीपासून, आणि बाह्यांवरची नावे त्यातून सुटलीच. प्रेक्षकाला जाहिरातीविषयी विचारताना आपण तीस सेकंदांच्या चित्रफितीविषयीच विचारतो, पण त्याच्या डोळ्यांसमोर नव्वद मिनिटे जी नावे फिरत असतात त्यांना कोणी गुण देत नाही. फ्रान्सने १९९१ च्या कायद्याने दूरचित्रवाणीवरील मद्याच्या जाहिराती आणि मद्यकंपन्यांचे क्रीडा प्रायोजकत्व दोन्ही एकत्रच बंद केले, आणि १९९८ चा विश्वचषक तिथे झाला तेव्हा बडवायझर या बिअरच्या कंपनीला प्रायोजक असूनही मैदानावरील फलक सोडावे लागले. स्पर्धा थांबली नाही, तिचा रंगही गेला नाही.

या सगळ्यावर नेहमी एक उत्तर दिले जाते, आणि ते टाळण्याजोगे नाही. प्रक्षेपणाचे हक्क अफाट किमतीला विकले जातात, ती किंमत जाहिरातींतून वसूल होते, आणि म्हणून कोट्यवधी लोकांना सामना फुकटात किंवा स्वस्तात पाहता येतो. जाहिराती काढल्या तर सामना फक्त ज्यांना परवडेल त्यांचा राहील. मला हे म्हणणे बऱ्याच अंशी पटते. जाहिरातमुक्त प्रक्षेपणाची मागणी मी त्यामुळेच करत नाही. पण या युक्तिवादातूनच पुढचा निष्कर्ष निघतो. जाहिरात पाहणे ही जर प्रेक्षकाने सामन्यासाठी मोजलेली किंमत असेल, तर ती किती असावी आणि कशात घ्यावी यावर बोलण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. शिवाय वर्गणी भरून पाहणाऱ्यालाही बहुतेक ठिकाणी त्याच जाहिराती पाहाव्या लागतात, म्हणजे तो किंमत दोनदा मोजतो. आणि ही किंमत कमी ठेवूनही मोठी स्पर्धा दाखवता येते, हे अमेरिकेतील ऑगस्टा येथील मास्टर्स या गोल्फ स्पर्धेने दाखवले आहे: ती भरवणाऱ्या क्लबने जाहिराती तासाला सुमारे चार मिनिटांवर मर्यादित ठेवल्या आहेत. तो श्रीमंत क्लब आहे, त्याला ते परवडते, हे खरे. मात्र मर्यादा आयोजकाने ठरवली तर प्रक्षेपक ती पाळतो, एवढे त्यातून नक्कीच सिद्ध होते.

म्हणून प्रेक्षकाच्या मताला जागा द्यायची असेल तर ती स्पर्धेच्या करारातच द्यावी लागेल. हक्क विकताना आयोजकांनी प्रक्षेपकावर अट घालावी की, प्रत्येक सामन्यात जाहिरातींना किती मिनिटे दिली आणि खेळ चालू असताना चित्रावर किती वेळ जाहिरात होती, हे सामन्यानंतर जाहीर करावे. तक्रारींचा निवाडा स्पर्धा चालू असतानाच, दोन-तीन दिवसांत व्हावा. महिन्याभराने जाहिरात आक्षेपार्ह ठरवून काय उपयोग, तोवर तिचे काम होऊन गेलेले असते. आणि ज्या पाहण्या प्रेक्षकांना गुण विचारतात त्यांनी, आवडली का, या प्रश्नाखाली आणखी काही ओळी वाढवाव्यात: ही वस्तू या सामन्यात दाखवली जावी असे वाटते का, ती शेजारी बसलेल्या मुलाने पाहिलेली चालेल का, तिच्यामुळे खेळातले काही पाहायचे राहिले का. ॲड मीटरसारखी पाहणी पहिल्या प्रश्नासाठी हजारो माणसांना दर वर्षी बोलावते, त्याच माणसांना त्याच बैठकीत हे तीन प्रश्न विचारायला वेगळा खर्च येणार नाही. उत्तरे सर्वांत आवडत्या जाहिरातीच्या नावाशेजारीच छापावीत, म्हणजे पहिल्या क्रमांकाची जाहिरात किती प्रेक्षकांना तिथे नको होती, हेही जाहिरातदाराला त्याच दिवशी कळेल.